चपलांची रांग



गेल्या आठवड्यात परीक्षेच्या भीतीबद्दल लिहिलं होतं, त्यावर तुमची बरीच पत्रं आली. सगळी वाचली बरं का! आज मात्र मी तुम्हाला वेगळंच काही सांगणार आहे. ही खरी घडलेली हकिगत आहे. जिची आहे, तिला आणि तिच्या आईला विचारूनच लिहिते आहे. नाव-गाव काही सांगणार नाही. आपण तिला नुसतं 'ताई' म्हणू आणि तिच्या भावाला 'छोटू'.

छोटू माझ्या वर्गात, तिसरीत. ताई शेजारच्या हायस्कुलात, नववीत. रोज आमची शाळा सुटली की ताई फाटकापाशी येऊन उभी राहायची आणि भावाला घेऊन घरी जायची.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हाची गोष्ट. हजेरी घेताना मी छोटूचं नाव पुकारलं. तो आपला वर पंख्याकडे बघत बसलेला. पुन्हा पुकारलं. उत्तर नाही. मग मी त्याच्या बाकापाशी गेले, त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं आणि म्हटलं, "बाई बोलतात ना? मग बाईंकडे बघ!"

झालं! त्यानं दोन्ही हात कानांवर घेतले आणि असा टाहो फोडला, की शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत आले.

आता खरं सांगू का? चूक माझी होती. छोटू स्वमग्न आहे, हे त्याच्या आईनं मला आधीच सांगितलं होतं. मी "हो हो, बघू" म्हटलं होतं आणि पुढे काहीच बघितलं नव्हतं.

संध्याकाळी ताई त्याला न्यायला आली. घडलेला प्रकार तिच्या कानावर गेला होता. ती भीत भीत मला म्हणाली, "बाई, रागावू नका, पण एक सांगू? तो बघत नसला तरी ऐकत असतो. बघायला लावलं, की मग त्याला ऐकता येत नाही."

दुसऱ्या दिवशी मी छोटूकडे न बघता, शांतपणे त्याचं नाव घेतलं आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजले. सातव्या आकड्याला पंख्याकडे बघतच छोटू म्हणाला, "हजर."

डी.एड.च्या दोन वर्षांत मला जे शिकायला मिळालं नव्हतं, ते नववीतल्या मुलीनं एका वाक्यात शिकवलं!

मग मी थोडं वाचलं, जाणकारांना विचारलं. तुम्हालाही थोडक्यात सांगते. स्वमग्नता म्हणजे इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात ते. हा काही ताप-खोकल्यासारखा आजार नव्हे. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. अशा मुलांच्या मेंदूची घडण अगदी लहानपणापासूनच वेगळ्या तऱ्हेनं होते. त्यामुळे बोलणं, दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, एकदम झालेला बदल सोसणं त्यांना अवघड जातं. आपल्याला साधा वाटणारा आवाज काहींना असह्य होतो. कुकरची शिट्टी, मिक्सर, शाळेची घंटा, दिवाळीतले फटाके, मिरवणुकीतले ताशे! शर्टाच्या कॉलरला आत शिवलेली पट्टीसुद्धा काहींना दिवसभर टोचत राहते.

छोटूला "तुझं नाव काय?" विचारलं, की तोही म्हणतो, "तुझं नाव काय?" ही थट्टा नसते. ऐकलेले शब्द परत म्हणणं, ही त्याची बोलण्याची एक पायरी आहे. त्याला तहान लागली की तो म्हणतो, "पाणी पाहिजे का?" कारण आई त्याला तसंच विचारते ना!

पण म्हणून सगळी स्वमग्न मुलं छोटूसारखीच असतात, असं समजू नका हं. कुणी भरभर बोलतं, कुणी अजिबात बोलत नाही. कुणी कॉलेजात जातं, कुणाला जेवायलाही मदत लागते. सिनेमात दाखवतात तशी प्रत्येकाला काही अद्भुत देणगी असते, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. म्हणजे बघा, तुमच्या शाळेत, तुमच्या गल्लीत कुणीतरी असणारच.

आणखी एक. पन्नास-साठ वर्षांपूर्वी काही मोठमोठे डॉक्टरसुद्धा म्हणत, की आईनं माया केली नाही म्हणून मूल असं होतं. किती आयांनी हे ऐकून स्वतःला दोष दिला असेल! ते साफ चुकीचं होतं. १९९८ साली एका लेखात लशीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला गेला. तोही टिकला नाही. ज्या नियतकालिकानं तो छापला होता, त्यानंच २०१० साली तो मागे घेतला. तेव्हा 'आईचं चुकलं', 'लस टोचली म्हणून झालं' असं कुणी म्हणालं, तर तुम्ही त्यांना खरं काय ते सांगा.

हे सगळं झालं छोटूबद्दल. पण आजची गोष्ट छोटूची नाहीच. ती ताईची आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. एका सोमवारी ताई नेहमीप्रमाणे आली, पण छोटूचा हात धरून निघेना. वर्ग रिकामा झाल्यावर म्हणाली, "बाई, मी खूप वाईट वागले. कुणाला सांगू कळत नाही."

मी तिला बाकावर बसवलं. ती सांगू लागली.

आदल्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. ताई वर्गातल्या दोन मैत्रिणींबरोबर बांगड्यांच्या दुकानापाशी उभी होती. मैत्रिणी नव्या होत्या, याच वर्षी ओळख झालेल्या. ताईनं त्यांना कधी घरी बोलावलं नव्हतं. आणि का बोलावलं नव्हतं, हे तुम्ही ओळखलंच असेल. आई छोटूला घेऊन भाजी आणायला आली होती. तेवढ्यात जाहिरातीचा एक टेंपो भोंगा लावून बाजारात शिरला. छोटूनं कानांवर हात घेतले आणि तो तिथंच, रस्त्याच्या मधोमध, मातीत बसला. ओरडू लागला. आईच्या हातात दोन पिशव्या. एकीतले टोमॅटो सांडले. माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं, "पोराला काही वळणच लावलं नाही." कुणी म्हणालं, "दोन ठेवून द्या, बसेल गप्प!"

ताईच्या मैत्रिणीनं विचारलं, "कोण गं तो?"

ताई म्हणाली, "कुणास ठाऊक!"

आणि त्या तिघी पुढे निघून गेल्या.

"बाई, मी मागे वळून बघितलं," ताई म्हणाली. "तेव्हा आई माझ्याकडेच बघत होती."

ती रात्री उशिरा, अंधार पडल्यावर घरी गेली. आई काही बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं ताईला वाटलं. आता छोटूची एक सवय आहे. घरातल्या चारही जणांच्या चपला तो रोज संध्याकाळी दाराशी एका रांगेत लावतो. आधी बाबांच्या, मग आईच्या, मग ताईच्या आणि शेवटी स्वतःच्या. रांग पुरी झाल्याशिवाय झोपत नाही. ताई आली तेव्हा बाबांच्या, आईच्या आणि त्याच्या चपला लावून झाल्या होत्या. मधे एका जोडाची जागा मोकळी होती. तो त्या जागेशेजारी जमिनीवर बसून राहिला होता. ताईनं चपला काढल्या. त्यानं त्या उचलून मोकळ्या जागेत ठेवल्या, सरळ केल्या आणि झोपायला गेला.

एवढं सांगून ताई ओक्साबोक्शी रडू लागली. "मी वाईट आहे का बाई?"

मुलांनो, तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

मी तिला म्हटलं, "तू खोटं बोललीस आणि आई अडचणीत असताना निघून गेलीस. ते चुकलं. पण तुला लाज वाटली, हे चुकलं असं मी म्हणणार नाही. लाज काय, राग काय, आपण बोलावतो म्हणून थोडेच येतात? चौदाव्या वर्षी चारचौघांत सगळे आपल्याकडे बघताहेत, असं नुसतं वाटलं तरी पोटात गोळा येतो. तुझ्याकडे तर खरंच बघत होते."

मग मी तिला विचारलं, "तू कशी आहेस?"

ती गप्पच झाली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "हे मला कुणी विचारतच नाही. सगळे विचारतात, छोटू कसा आहे?"

आणि मग बांध फुटल्यासारखी बोलत राहिली. छोटूनं तिची विज्ञानाची वही फाडली तेव्हा सगळे म्हणाले, "त्याला कळत नाही गं, तू मोठी ना?" गॅदरिंगमध्ये तिचा नाच होता, पण लाउडस्पीकर छोटूला सोसत नाही म्हणून आई आलीच नाही. घरी पाहुणे आले की म्हणतात, "ताई किती शहाणी आहे!" ताई म्हणाली, "बाई, शहाणी म्हणजे काही मागायचं नाही. कधी कधी मला वाटतं, मीपण एकदा रस्त्यात बसून ओरडावं."

शेवटी तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "आई-बाबांनंतर सगळं माझ्यावरच ना?"

नववीतली मुलगी! जिनं फार तर घटक चाचणीची काळजी करावी, ती आणखी चाळीस वर्षांनंतरची काळजी करत होती. आणि इतके महिने रोज फाटकापाशी तिला बघून मी काय विचारत होते? "आज छोटूनं डबा खाल्ला का गं?" म्हणजे मीसुद्धा त्या सगळ्यांतलीच.

ताईच्या परवानगीनं मी तिच्या आईशी बोलले. मला वाटलं होतं, आई दुखावलेली असेल. ती म्हणाली, "मी तिच्यावर रागावले नाही हो बाई. त्या वेळी मलाही तिथून नाहीसं व्हावंसं वाटत होतं. तिला ते करता आलं, मला येत नव्हतं, एवढंच!"

हे वाक्य आईनं त्याच रात्री ताईलाही सांगितलं. त्यानं दोघींचं मन केवढं हलकं झालं! इतके दिवस ताईला वाटत होतं, लाज फक्त आपल्यालाच वाटते. आणि आईला वाटत होतं, मुलगी समजूतदार आहे, तिला काही होत नाही.

मग त्यांच्या घरात तीन लहानसे बदल झाले. ताईच्या वह्या-पुस्तकांसाठी कुलपाचं एक कपाट आलं. रविवारी संध्याकाळी बाबा छोटूला एस.टी. स्टँडच्या मागच्या टेकडीवर फिरायला नेऊ लागले. तो एक तास आई आणि ताईचा, त्यात छोटूचा विषय काढायचा नाही. आणि तिसरा बदल म्हणजे ताईच्या 'नंतर काय?' या प्रश्नाला 'आत्ता नको तो विषय' असं उत्तर देणं बंद झालं. बाबांनी तिला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं.

ते तुम्हीही ऐकून ठेवा. १९९९ साली आपल्या देशात राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. स्वमग्न व्यक्ती अठरा वर्षांची झाल्यावर तिला कायदेशीर पालकाची गरज असेल, तर जिल्ह्याच्या समितीकडे तसा अर्ज करता येतो. त्या समितीत जिल्हाधिकारी असतात. याच न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्यविम्याची योजना आहे, तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय असते. पुढे २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे आणि तिच्यात स्वमग्नता आहे. कागदपत्रं करायला खेपा घालाव्या लागतात, हे खरं. पण 'सगळं एकट्या बहिणीवर' असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही!

मी ताईला आणखी एका माणसाची हकिगत सांगितली. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचं एक छोटं गाव आहे. तिथं १९३३ साली डोनाल्ड ट्रिपलेट नावाचा मुलगा जन्मला. त्याला गोल फिरणाऱ्या वस्तूंचा भारी नाद. माणसांशी बोलणं मात्र कमी. लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली अशा ११ मुलांबद्दल एक लेख लिहिला आणि त्यातलं पहिलं मूल हा डोनाल्ड होता. स्वमग्नतेचा इतिहास सांगताना आजही त्या लेखाचं नाव निघतं.

पुढे काय झालं डोनाल्डचं? तो शिकला. गावातल्या बँकेत त्यानं अनेक वर्षं नोकरी केली. मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळायचा, एकटा देशोदेशी हिंडून यायचा. त्याला एक धाकटा भाऊही होता. आई-वडील गेल्यावरही डोनाल्ड आपल्याच घरात, आपल्याच गावात राहिला. २०२३ साली, ८९ व्या वर्षी तो वारला. त्याचं घर सुखवस्तू होतं, हे खरंच. सगळ्यांचं तसं नसतं. पण पैशाइतकीच आणखी एक गोष्ट त्याच्याजवळ होती. त्याचं गाव! गावातली माणसं त्याला ओळखत होती, त्याच्या सवयी जाणत होती आणि कुणी त्याला त्रास देऊ पाहिलं, तर त्याच्या बाजूनं उभी राहत होती.

ताई म्हणाली, "म्हणजे बाई, फक्त बहीण असून भागत नाही. गाव लागतं."

बघा, पुन्हा तिनंच मला शिकवलं!

आता हे गाव म्हणजे कोण? तुम्ही, मी, बांगडीवाला, भाजीवाली, टेंपोवाला. त्या दिवशी बाजारात एकानं जरी भोंगा बंद करायला सांगितला असता, एकीनं जरी सांडलेले टोमॅटो उचलून दिले असते, तर ताईला खोटं बोलावंसं वाटलं असतं का? मला नाही वाटत.

म्हणून तुमच्यासाठी थोडी कामं सांगते. फार अवघड नाहीत.

तुमच्या मैत्रिणीचा किंवा मित्राचा भाऊ असा असेल, तर 'त्याला काय झालंय?' असं सगळ्यांसमोर विचारू नका. त्यांच्या घरी जा. 'त्याला काय आवडतं?' असं विचारा.

असं मूल रस्त्यात घाबरून रडत असेल, तर भोवती गर्दी करू नका. आवाज कमी करता येत असेल तर करा. आईला किंवा बाबांना विचारा, "काही मदत करू का?" नाही म्हणाले, तर गुपचूप बाजूला व्हा.

आणि घरी असा भाऊ किंवा बहीण असलेली ताई, दादा माझं हे वाचत असाल, तर तुम्हाला सांगते. तुम्हाला राग आला, लाज वाटली, एखाद्या दिवशी 'तो नसता तर!' असंही मनात आलं, तरी तुम्ही वाईट ठरत नाही. ते मनात दाबून ठेवू नका. आई, बाबा, मावशी, आजोबा, शाळेतल्या बाई किंवा सर, जे तुमचं पुरतं ऐकून घेतील अशा एका मोठ्या माणसाला सांगा. त्यानं ऐकून घेतलं नाही, तर दुसऱ्याला सांगा. तुमची वही, तुमचा खेळ, तुमची सहल यांवर तुमचाही हक्क आहे. भावावर प्रेम करणं आणि कधी त्याला कंटाळणं, दोन्ही एकाच मनात राहू शकतात. धडधाकट भावंडांतही असंच असतं की! घरोघरी बघा.

पालकांनाही एक विनंती. ज्या मुलाला जास्त लागतं, त्याला जास्त द्यावंच लागतं. त्यात तुमचा काय दोष? पण दुसरं मूल काही मागत नाही, म्हणजे त्याला काही नको आहे असं समजू नका. आठवड्यातला एक तास त्याच्या एकट्यासाठी काढा. आणि त्याला 'तू छोटूची ताई' एवढंच न म्हणता कधीतरी त्याच्या नावानं हाक मारा.

आता राहिली ती गोष्ट पुरी करते. बाजारानंतर चार-पाच दिवसांनी ताईनं मैत्रिणींना सांगून टाकलं, "तो माझा भाऊ आहे. मी खोटं बोलले होते." एक मैत्रीण नुसतं "अच्छा" म्हणाली. ती अजून त्यांच्या घरी आलेली नाही. येईल तेव्हा येईल. दुसरी मात्र पुढच्याच शनिवारी अभ्यासाला आली. छोटूनं तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, की तिच्याशी एक शब्द बोलला नाही. ताईला जरा वाईट वाटलं.

दिवेलागणीला मैत्रीण घरी जायला निघाली, तर तिच्या चपला सापडेनात. दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या, तिथं नव्हत्याच. शोधता शोधता ताईनं आत पाहिलं. बाबांच्या, आईच्या, ताईच्या, मग एक नवा जोड, आणि शेवटी छोटूच्या.

रांगेत पाच जोड होते.

ताईनं हे मला धावत येऊन सांगितलं. त्या दिवशी तिला मी पहिला प्रश्न काय विचारला असेल, ओळखा बघू! "तू कशी आहेस?"

"मस्त!" ती म्हणाली.

तर मुलांनो, या आठवड्यात तुम्हीही एकाला तरी हा प्रश्न विचारा. जो नेहमी शहाणा असतो, ज्याला कुणी कधी विचारत नाही, अशा एकाला. विचारून लगेच पळू नका हं. उत्तर येईपर्यंत थांबा. मनातल्या मनात दहा आकडे मोजा. आणि काय उत्तर मिळालं, ते मला पत्रानं कळवा.

तुमच्या,
बाई